रूल्फला हवं होतं ते

पहिल्याच दिवशी रूल्फ हिडिंगने खुर्ची उचलून भिंतीवर आपटली. खुर्चीचा एक पाय निखळून खिडकीपर्यंत घरंगळत गेला. मी माझ्या जागी बसून राहिले. अडतीस वर्षं शाळेत शिकवलं आहे मी. रागावलेल्यासमोर आपण उठून उभं राहिलो की त्याचा राग वाढतो, मग तो आठ वर्षांचा असो की छप्पन्न.

"झालं?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला आणि दुसरी खुर्ची ओढून तिच्यावर बसला. ती करकरली. त्याचं वजन तेव्हा एकशे बत्तीस किलो होतं. फेब्रुवारीत त्याच्या मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली होती, तेव्हापासून डाव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. चाळीस वर्षं कत्तलखान्यात डुकरं कापणारा माणूस, आणि त्याला कॉफीचा कप दोन हातांनी धरावा लागत होता.

"डॉक्टरनं पाठवलंय. म्हणे, बाईंकडे जा, नाहीतर वर्षभरात मरशील. सांगा काय बंद करू ते, म्हणजे मी मोकळा."

"मी काहीच बंद करायला सांगत नाही."

"मग पगार कशाचा घेता?"

हे सगळेच विचारतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हेल्थ कोचचं शिक्षण घेतलं आणि आमच्या हाल्डरभीन गावच्या दवाखान्यात आठवड्याचे दोन दिवस काम धरलं. गावात मला तब्येतीच्या बाई म्हणतात. मी रूल्फला तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगते. काय बिघडलंय ते डॉक्टर सांगतात, गोळ्याही तेच देतात. माझं काम विचारायचं. तुला काय हवंय? त्यासाठी या आठवड्यात कोणती एक छोटी गोष्ट करशील? पुढच्या बुधवारी पुन्हा विचारणार, जमलं का? नाही जमलं तर रागावणार नाही, कुठे अडलं ते दोघं मिळून बघू. माणसाला दुसऱ्याने ठरवून दिलेलं फार दिवस पाळता येत नाही. स्वतःला हवं असलं तर तो जन्माची सवयसुद्धा मोडतो.

"काहीही हवं असलं तरी चालेल?"

"तुझं असलं पाहिजे, एवढंच."

त्याने मान वर केली. "मला हिल्बर्टला मारायचंय. एकतीस डिसेंबरला. सगळ्या गावादेखत."

हिल्बर्ट म्हणजे त्याचा थोरला भाऊ. मला हसू आलं होतं, ते मी आवरलं. "हे तुला किती हवंय? दहापैकी?"

"दहा."

इतक्या वर्षांत मला कुणी दहा सांगितलं नव्हतं. लोक पाच सांगतात, फार तर सहा, आणि दोन महिन्यांत येणं बंद करतात. आम्हाला शिकवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती, आपलं ध्येय समोरच्याच्या तोंडी घालायचं नाही. मी वही उघडली आणि लिहिलं: एकतीस डिसेंबरला हिल्बर्टला मारणं.

आमच्याकडे वर्षाच्या शेवटच्या दिवशी कार्बाइड उडवतात. दुधाच्या जुन्या कॅनमध्ये कार्बाइडचे खडे टाकायचे, वर पाणी शिंपडायचं, तोंडाला फुटबॉल ठोकून बसवायचा आणि आत गॅस साठला की मागच्या भोकाला जाळ दाखवायचा. असा बार होतो की पोटातलं पाणी हलतं, आणि चेंडू शेतापार जातो. गावात सहा टोळ्या आहेत, एक रूल्फची, एक हिल्बर्टची. शेवटचा बार झाला की दोघं भाऊ एकमेकांना मारतात. तीस वर्षं हेच चाललं होतं. गाव गोल करून उभं राहतं आणि कुणी मध्ये पडत नाही. हिडिंगांचा मामला आहे, म्हणतात. आदल्या वर्षी रूल्फला पाच मिनिटांतच धाप लागली आणि तो गुडघ्यांवर आला. हिल्बर्टने त्याच्या बरगड्यांवर लाथा घातल्या. तीन मोडल्या. चौथी लाथ तोंडावर घालून त्याने टोपी नीट केली आणि तो सूप प्यायला गेला.

दर बुधवारी सकाळी आमचा आठ जणांचा गट कालव्याच्या काठाने चालतो. पहिल्या बुधवारी रूल्फ तीनशे पावलं चालला. मी काही विचारलं की त्याला थांबावं लागे. चालणं आणि बोलणं एकदम जमत नसे. तो उभा राहायचा, बुटांकडे बघायचा, श्वास घ्यायचा आणि मग उत्तर द्यायचा.

"काल रागावलास तेव्हा काय केलंस?"

थांबला. बूट. श्वास. "शीतपेयाच्या मशीनला डोकं मारलं."

"कुणाचं फुटलं?" मागून फेनाने विचारलं. फेना बेकरीवाल्याची विधवा. तिला साखरेचा आजार होता आणि जिभेला हाड नव्हतं.

"मशीनची काच."

"मग बरोबर. त्या डोक्यात फुटण्यासारखं काही नाहीच."

तो तिच्यावर धावून जाईल असं वाटलं. गेला नाही. हसलाही नाही, पण पुढच्या बुधवारी पुन्हा आला.

एप्रिलमध्ये त्याने बिअर सोडली. मी सांगितलं नव्हतं. "दारू प्यायलेल्याचा ठोसा उशिरा बसतो," तो म्हणाला. मेमध्ये तो कत्तलखान्यात सायकलने जाऊ लागला. तिथे एका नव्या माणसाने त्याच्या वाकड्या बोटांची नक्कल केली, तर त्याने त्याला कॉलर धरून लोखंडी आकड्यांच्या रांगेशेजारी भिंतीला दाबलं, जिथे उकळत्या पाण्यातून काढलेली डुकरं लटकत येतात. बुधवारी त्याने मला ते स्वतःच सांगितलं.

"मग सोडलंस कसं?"

थांबला. "तुम्ही विचाराल म्हणून."

हे मला आवडलं. मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं. ऑगस्टपर्यंत त्याचं वजन एकशे बारावर आलं. रक्तदाब असा उतरला की डॉक्टरांनी एक गोळी कमी केली, आणि डाव्या हाताची मूठ पुन्हा मिटली. डॉक्टर मला म्हणाले, "वोल्बर्सबाई, काय जादू केलीत?" मी म्हटलं, मी काही नाही केलं, त्यानेच केलं. ते खरं होतं. तरी घरी जाताना मी सायकलवर गाणं गुणगुणत होते.

सप्टेंबरात फेनाने मला कालव्यावर मागे ओढलं.

"बाई, तो पुढे चाललाय ना, त्याच्या पाठीकडे बघा. काय दिसतं?"

"बरा झालेला माणूस."

"मला सुरी दिसते. तुम्ही दर बुधवारी धार लावताय."

"ध्येय त्याचं आहे, फेना. मी ठरवत नाही."

"हो, हो. धार लावायचा दगडसुद्धा असंच म्हणत असेल."

मी तिच्याशी दोन आठवडे नीट बोलले नाही. तिचं बरोबर होतं म्हणूनच राग आला होता.

आता एक सांगायला हवं. रूल्फ आणि हिल्बर्ट दोघंही माझ्या वर्गात होते. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, माझी पहिलीच शाळा. रूल्फ आठ वर्षांचा, हिल्बर्ट दहाचा, आणि चार इयत्ता एकाच खोलीत बसायच्या. दोघं सोमवारी यायचे ते फुटलेल्या ओठांनी. एकदा हिल्बर्टच्या कानाची पाळी अर्धी सुटून लोंबत होती. रूल्फ त्याच्या शेजारी बसून पाढे म्हणत होता आणि त्याच्या दातांत रक्त होतं. त्यांचा बाप हार्म दर रविवारी चर्चवरून आला की दोघांना डुकरांच्या रिकाम्या खोपटात कोंडायचा आणि दारावर कोपर टेकून बघायचा. जो जिंकेल त्याला मांस. हरेल त्याला खोपटं झाडायचं काम आणि उपाशी झोप. मी हार्मला शाळेत बोलावलं. तो म्हणाला, "पोरं आहेत, धडपडतात." मुख्याध्यापक मला म्हणाले, "घरातलं घरात राहू द्या, बाई." मी राहू दिलं. मी त्यांना भागाकार शिकवला, नद्या शिकवल्या आणि शुक्रवारी घरी पाठवलं.

नोव्हेंबरात रूल्फ म्हणाला, "बाई, एकदा माझ्या गोठ्यात येता? घड्याळ घेऊन."

तुळईला वाळू भरलेलं पोतं टांगलेलं होतं. त्याने शर्ट काढला. पोट उतरलं होतं, खांदे वर आले होते. "तीन मिनिटं मोजा," तो म्हणाला आणि सुरू झाला. डावा, डावा, उजवा. प्रत्येक ठोशाला पोतं वाकायचं आणि तुळईवरची धूळ आमच्या डोक्यावर पडायची. दुसऱ्या मिनिटाला पोत्याची शिवण उसवून वाळू सांडू लागली. तो थांबला नाही. त्याच्या हातांची सालं निघाली, पोत्यावर लाल ठसे उठले, तरी श्वास एका लयीत चालला होता. आणि मी, सत्तर वर्षांची बाई, घड्याळाकडे बघत मोठ्याने म्हणत होते, "अडीच. पावणेतीन. थांब."

"धाप नाही लागली," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर वर्गात पहिला आलेल्या मुलाचं हसू होतं. मी त्याला शाबास म्हणाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आठ महिने मी त्याला शेकड्यांनी प्रश्न विचारले होते. काय खाल्लंस, किती झोपलास, कुठे अडलं. त्याला मारून झाल्यावर पुढे काय, हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. नव्या कोचलाही पहिल्या महिन्यात शिकवतात तो. हवं ते मिळाल्यावर आयुष्य कसं दिसेल, हे विचारायचंच असतं. वजनाचा काटा उतरत होता आणि मला तो थांबायला नको होता.

पुढच्या बुधवारी मी धीर करून म्हणाले, "रूल्फ, आपण ध्येय बदलून बघू या का?"

"का? जमत आलंय की."

"मला भीती वाटते."

"तुम्हीच म्हणालात, माझं असलं पाहिजे. लिहिलंत तुम्ही. आता तुमचं घालताय माझ्या तोंडात?"

माझाच धडा त्याने माझ्यावर उलटवला. मी गावच्या पोलिसाकडे गेले. तो म्हणाला, "ते दर वर्षीच मारामारी करतात, बाई. झालं की दोघं सूप पितात." मी हिल्बर्टकडेही गेले. तो दारात सिगारेट ओढत उभा होता. पोट पट्ट्यावरून ओघळलेलं, पाय सुजलेले, चार शब्दांनंतर खोकला.

"या वर्षी घरी राहा," मी म्हटलं.

"रूल्फनं पाठवलंय? घाबरला का तो?" तो खोकत खोकत हसला. "त्याला सांगा, बाकीच्या बरगड्या अजून शिल्लक आहेत."

एकतीस तारखेला दुपारी एक वाजता सगळं गाव बार्टेल्सच्या बटाट्याच्या शेतात होतं. जमीन दगडासारखी गोठलेली. बायका तेलात पिठाचे गोड गोळे तळत होत्या, मुलं चेंडू आणायला पळत होती, आणि बारांनी कान बधिर झाले होते. कडेला चाकाच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी घेऊन हार्म हिडिंग बसला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा. वृद्धाश्रमातून त्याला दर वर्षी या दिवशी आणतात. त्याने सांगून ठेवल्याप्रमाणे खुर्ची नेमकी अशी लावतात की मधली मोकळी जागा नीट दिसावी.

शेवटचा बार झाला. धूर पांगायच्या आत रूल्फने कोट काढून फेनाच्या हातात दिला.

"मला कशाला देतोस मेल्या? मी खुंटी आहे?" फेना म्हणाली, पण कोट तिने छातीशी घट्ट धरला.

हिल्बर्ट हसत पुढे आला. "काय रे बारक्या, वाळलास की! बाई खायला देत नाहीत वाटतं?" आणि त्याने पहिला ठोसा घातला. तो रूल्फच्या कानाला घासून गेला. रूल्फ नुसता एक पाऊल बाजूला झाला. हिल्बर्टने दुसरा घातला, तिसरा घातला. दोन मिनिटांत त्याची छाती भात्यासारखी वाजू लागली. रूल्फ वाट बघत होता.

मग त्याने सुरुवात केली. डावा, डावा, उजवा. तिसऱ्या ठोशाला हिल्बर्टच्या नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला दहा पावलांवरून ऐकू आला. तो पडला नाही, म्हणून रूल्फने त्याच्या पोटात मारलं, आणि तो वाकला तेव्हा गुडघा वर आणला. दोन दात गोठलेल्या मातीवर उडाले. लोक नेहमीसारखे ओरडत होते. हिल्बर्ट खाली आला. नेहमी इथे संपायचं. रूल्फ त्याच्या छातीवर बसला.

लोकांचं ओरडणं हळूहळू बंद झालं. मग फक्त ठोसे ऐकू येऊ लागले, ओल्या कणकेवर मारल्यासारखे, आणि त्यात रूल्फचा श्वास, एका लयीत. हिल्बर्टच्या डाव्या डोळ्याच्या जागी काहीतरी लाल, फुगलेलं दिसत होतं. तो डोळा नंतर कायमचा गेलाच. हिल्बर्टचे हात आधी रूल्फच्या मनगटांना धरत होते, मग ते बाजूला पडले.

"बस कर!" कुणीतरी ओरडलं. "रूल्फ, मरेल तो!" टपाल वाटणारा बेरेंड, आमच्याच गटातला, त्याला मागून ओढायला गेला. रूल्फने कोपर मागे टाकलं आणि बेरेंड तोंड धरून बसला. मीही ओरडत होते. थांब, सोड, नको. त्याला काही ऐकू जात नव्हतं. जन्मभर त्याच्यावर लोक तेच शब्द ओरडत आले होते.

आणि चाकाच्या खुर्चीतून म्हाताऱ्याचा आवाज आला, चिरका आणि आनंदी. "ऊठ हिल्बर्ट! ऊठ! मांस नाही मिळणार हां!"

मी चालत मध्ये गेले. पळायचं माझं वय नाही. मी रूल्फच्या इतक्या जवळ गेले की त्याच्या पाठीची वाफ माझ्या तोंडावर आली. ओरडले नाही. बुधवारी विचारते तशा आवाजात विचारलं.

"रूल्फ, याला मारून झाल्यावर पुढे काय?"

मूठ वर गेली होती. ती तिथेच राहिली. त्याने खाली बघितलं, बुटांकडे बघायचा तसं, पण तिथे बूट नव्हते, हिल्बर्टचा चेहरा होता. त्याने श्वास घेतला. नऊ महिने पाय थांबायचे, आता हात थांबला.

"पुढे," तो म्हणाला. "पुढे काही नाही, बाई. मी पुढचा विचारच नाही केला."

"मग आता कर. माझ्यासाठी नको. तुझ्यासाठी."

तो उठला. चार माणसं त्याला धरायला पुढे सरकली, मी हाताने त्यांना थोपवलं. ते बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही, कारण रूल्फ सरळ म्हाताऱ्याकडे निघाला. त्याच्या कोपरापर्यंत रक्त होतं. हार्म टाळ्या वाजवत होता. त्याच्या बोटांत ताकद नसल्यामुळे टाळ्यांचा आवाज येत नव्हता.

"शाबास!" म्हातारा म्हणाला. "या वर्षी तुला मांस."

रूल्फने दोन्ही हात उचलले. मी डोळे मिटले, हे कबूल करते. उघडले तेव्हा त्याने खुर्चीचे दांडे धरले होते. त्याने चाकांचे ब्रेक सोडले आणि ती जड खुर्ची गोठलेल्या ढेकळांवरून धक्के देत फिरवली, पूर्ण अर्धा गोल, म्हाताऱ्याचं तोंड रिकाम्या शेताकडे होईपर्यंत. मग ब्रेक पुन्हा लावले. दोन्ही. नीट दाबून बघितले.

"ए! काय करतोस? मला दिसत नाही!"

रूल्फ परत आला आणि हिल्बर्टजवळ जमिनीवर बसला. मी हिल्बर्टचं डोकं एका कुशीवर वळवलं होतं, रक्त घशात जाऊ नये म्हणून. फेनाने रूल्फचा कोट आणून हिल्बर्टवर घातला. बेरेंड फुटलेल्या ओठाने फोनवर ॲम्ब्युलन्सला रस्ता सांगत होता. पोलीस येऊन रूल्फच्या मागे उभा राहिला, पण त्याला लगेच उठवेना.

"मला माहीत होतं," मी पोलिसाला म्हणाले. "मार्चपासून. तेही लिहून घ्या."

हिल्बर्टचा उजवा डोळा किलकिला झाला. त्याने ओठ हलवले. रूल्फने आपली डावी मूठ उघडली, मोठ्या कष्टाने, एकेक बोट, आणि हिल्बर्टचा हात त्यात घेतला. दूर पाठमोरा म्हातारा रिकाम्या शेताकडे तोंड करून ओरडत होता, "कोण जिंकलं? अरे, कोण जिंकलं? सांगा ना कुणीतरी!"

सगळं गाव तिथे उभं होतं. कुणीही सांगितलं नाही.